रिकाम्या सावलीवरचा पाना

आमच्या कारखान्यात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मी इंजिन नंतर दाखवायचो, आधी हत्यारांची फळी दाखवायचो. भिंतीवर मोठी पांढरी फळी. तिच्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, स्क्रू-ड्रायव्हरची हुबेहूब आकृती काळ्या रंगात काढलेली, आणि आकृतीवर खुंटीला ते ते हत्यार. त्या आकृत्यांना आम्ही सावल्या म्हणायचो. हत्यार कामाला गेलं की सावली उघडी पडते आणि तिच्यावर नेणाऱ्याचा पितळी बिल्ला लटकतो. काम संपताना एकही सावली उघडी राहता कामा नये. राहिली, तर त्या दिवशी ज्या यंत्राला हात लागला असेल ते जागचं हलत नाही, मंत्रालयातून कुणाचाही फोन येवो. मोटारीच्या बॉनेटमध्ये पाना विसरला तर गाडी खडखडते आणि तुम्ही ती रस्त्याच्या कडेला घेता. हेलिकॉप्टरला कड नसते.

मी उभी हयात ह्याच धंद्यात काढली. आधी सरकारी तपासनीस होतो. मग सरकारी हेलिकॉप्टरांची देखभाल करणाऱ्या एका खाजगी कंपनीत गेलो आणि शेवटी तिथला कार्यकारी प्रमुख झालो. पदांची जंत्री वाचकांना देत नाही, ती मलाही वाचवत नाही. गेल्या वर्षी मुदतीआधीच खुर्ची सोडली. गेल्या हिवाळ्यात आई गेली. त्यानंतर हे लिहायला बसलो आहे.

बाहेरच्यांना वाटतं आमचं काम फार शास्त्रीय. आहेही. पण त्यातलं अर्धं काम ऐकण्याचं. तपासनीस असताना मी हेलिकॉप्टरच्या शेपटीवर नाण्याने टकटक करत बोटभर-बोटभर पुढे सरकायचो. पत्रा आतून धड असेल तर आवाज टणटणीत येतो. आतला थर सुटला असेल तर आवाज बद्द होतो. वरून रंग चकचकीत, कुठे चरा नाही, पण आवाज बद्द. आत काहीतरी सुटलंय आणि ते फक्त तुम्हाला कळलंय, ही काही बरी भावना नाही.

गिऱ्हाइकंही एकेक विचित्र. एका बड्या पुढाऱ्याचे सचिव एकदा लिंबू-मिरची घेऊन आले. हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याला बांधा म्हणाले, साहेबांच्या ज्योतिषाने सांगितलंय. मी म्हटलं, पंखा फिरला की ते लिंबू ज्याला लागेल त्याची साडेसाती लगेच संपेल. गृहस्थ हसले नाहीत. मग मी त्यांना आमच्या दारावरची पाटी दाखवली. बाहेरची एकही वस्तू, अगदी मनगटावरचा दोराही, आत येणार नाही. पाटीखाली माझी सही होती. त्या पाटीपायी मी आमचा हत्यारांचा मुकादम दामू तांडेल ह्यालाही बोललो होतो. दामू वरळीच्या कोळीवाड्यातला, पिढीजात होड्यांवरचा माणूस. समुद्र सोडून लोखंडाकडे आलेला. त्याच्या गळ्यात एकवीरेचा टाक असायचा, तो मी काढून ठेवायला लावला. "आई बाहेर बसेल, साहेब, तिला सवय हाय," एवढंच तो म्हणाला आणि टाक कपाटात ठेवला.

ही पाटी लक्षात ठेवा.

आता माझ्या वडलांबद्दल. आम्ही डिलाईल रोडच्या चाळीतले परब, मूळचे मालवणकडचे. बाबा चाळीमागच्या गिरणीत फिटर होते, माग दुरुस्त करायचे. दसऱ्याला गिरणीत यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. मी लहान असताना त्यांनी मला फिटरखात्यातली भिंत दाखवली होती. लाकडी खुंट्यांची ओळ, प्रत्येक खुंटीला एकेकाचा पाना. दुसऱ्या खिडकीजवळची खुंटी त्यांची. पान्याच्या दांड्यावर त्यांचा हजेरीचा तिकीट नंबर ठोकलेला. मी त्या अंकांवरून बोट फिरवलं होतं. लोखंड कोमट होतं, हे आठवतं.

संप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाबा तो पाना सदऱ्याखाली खोचून घरी घेऊन आले. ज्या माणसाने जन्मात गिरणीतून सुताची गुंडी आणली नाही, तो हा. आईने विचारलं, ह्यां काय? तर म्हणाले, "संप आठ दिसांत मिटतलो. तवसर कोणी चोरून नेऊक नको."

संप मिटला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी तेव्हा माटुंग्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आई खाणावळीची माणसं जेवू घालायची, त्यावर घर चाललं. पुढे काही गिरण्या लंगडत सुरू झाल्या, बाबांची झाली नाही. भोंगा बंद पडला होता, तरी भोंग्याच्या वेळेला बाबा उठायचे, सदरा घालायचे, दाराबाहेर गॅलरीत जाऊन गिरणीच्या चिमणीकडे बघत उभे राहायचे आणि परत येऊन सदरा खुंटीला लावायचे. चाळीत असं करणारे ते एकटे नव्हते. त्या वेळेला गॅलरीगॅलरीत धुतलेले सदरे घातलेली माणसं उभी दिसायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी पुस्तकातून मान वर करून ते बघायचो आणि परत खाली घालायचो.

पाना देव्हाऱ्याखाली असायचा. दर खंडेनवमीला बाबा त्याला तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजा करायचे. त्यांच्या मनाने घेतलं होतं की आपण चोरी केली. तिकडे खुंटी उघडी पडली असेल, म्हणायचे. शेवटच्या दुखण्यात जीभ जड झाली होती, तरी मला जवळ बोलावून एवढं म्हणाले, "तो पानो जाग्यार ठेव."

मी हो म्हटलं. गिरणीला कुलूप होतं. ठेवणार कुठे?

पुढे गिरणीच्या आवारातले गाळे भाड्याने जाऊ लागले. जाहिरातवाले आले, कुरिअरवाले आले. आमच्या कंपनीलाही गिअरबॉक्स दुरुस्तीसाठी भक्कम जमिनीची जागा हवी होती. मालकाचा माणूस आम्हाला गाळे दाखवत फिरला आणि शेवटी ज्या खोलीत त्याने आणलं, ती फिटरखात्याची. दुसरी खिडकी बघताच मी ओळखली. बरोबरच्यांना काही बोललो नाही. बाकी गाळ्यांपेक्षा भाडं जास्त होतं, तरी जागा हीच घेऊ म्हटलं. आमची पांढरी फळी सुतारांनी त्याच भिंतीवर ठोकली, कारण जुन्या खुंट्यांच्या पट्ट्या भिंतीत अजून घट्ट होत्या.

दामू तांडेलला ती जागा सुरुवातीपासून आवडत नसे. तक्रार करायचा नाही, पण दुसऱ्या खिडकीजवळच्या सावल्या रंगवताना म्हणाला होता, "साहेब, इथला रंग वाळत नाय." दमट भिंत, मी म्हटलं.

तिथल्या पहिल्या खंडेनवमीची ही हकिकत आहे. कारखान्यांची रीत अशी, की त्या दिवशी सगळी हत्यारं उतरवून, पुसून, झेंडूची फुलं वाहून पूजेला मांडायची आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यालाच परत हातात घ्यायची. फळी पूर्ण रिकामी होते, नुसत्या सावल्या राहतात. फळी पुसायची म्हणून पितळी बिल्लेही उतरवतात. इतकी वर्षं आम्ही हे करत होतो, पण त्यातली गोम माझ्यासारख्या नियमवाल्यालाही कधी दिसली नव्हती. बिल्ले उतरले, की कोणतं हत्यार बाहेर आहे हे फळी सांगू शकत नाही.

आणि एक हत्यार बाहेर होतं. जुहूला एका सरकारी हेलिकॉप्टरला आमचा गिअरबॉक्स बसवून माणसं आदल्या रात्री उशिरा परत आली होती आणि त्यांच्या हत्यारांची गणती सकाळवर राहिली होती. दसऱ्याला ते हेलिकॉप्टर कोकणात जायचं होतं. तिथे वादळात गावंच्या गावं झोपली होती, औषधं आणि दोन डॉक्टर घेऊन ते निघणार होतं.

त्या पूजेला मी बाबांचा पाना घेऊन गेलो होतो. माझीच पाटी ओलांडून, ब्रीफकेसमध्ये, फडक्यात गुंडाळून. देवीच्या तसबिरीमागे, कोणाला दिसणार नाही असा ठेवला. एकदा ह्या भिंतीसमोर त्याची पूजा व्हावी, एवढंच मनात होतं.

दसऱ्याला सकाळी मी आत शिरलो तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं. सुट्टीच होती, उड्डाणापुरती मोजकी माणसं बोलावली होती. दामूने हत्यारं परत फळीवर लावली होती. एक सोडून. दुसऱ्या खिडकीजवळची एक सावली उघडी होती.

तिच्यावरच्या पान्याचा ठावठिकाणा काढायला दामू आवारात माणसांना विचारायला गेला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की सगळ्या भिंतीवर एकच खुंटी रिकामी आहे आणि ती बाबांची आहे. तसबिरीमागून पाना काढला आणि खुंटीवर ठेवला. डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात ऑफिसात फोन वाजला. मंत्रालयातून होता. हेलिकॉप्टर कधी सोडता, कोण सही करणार, डॉक्टर जुहूला पोचलेत, हवामान दुपारनंतर बिघडेल. बोलणं बराच वेळ चाललं. मी बोलत असतानाच काचेपलीकडून दामूने मला फळीकडे हात करून दाखवलं आणि ओठांनीच म्हणाला, सगळं जागेवर. मी मान हलवली आणि फोनवर सांगितलं, सोडा.

त्या वेळी पाना माझ्या डोक्यात नव्हता. ह्याहून बरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

हेलिकॉप्टर उडाल्यानंतर मी माणसांना आपट्याची पानं द्यायला शेडमध्ये आलो. खिडकीतून ऊन आत आलं होतं, फळीवर तिरपं पडलं होतं. प्रत्येक पाना आपल्या सावलीला झाकून होता. त्या एकाच पान्याभोवती मात्र काळी कड दिसत होती. पाना थोडा लहान होता आणि त्याच्यामागून दुसऱ्याच कुणाची सावली बाहेर डोकावत होती.

हातातली पानं खाली पडली. मी धावत जाऊन जुहूला फोन लावला, हत्यारांच्या गणतीत चूक आहे, असेल तिथे उतरवा म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ते आधीच वळलेत साहेब. वैमानिकाला मागून टकटक ऐकू येत होती, दार वाजवावं तशी. पेणच्या अलीकडे एका शाळेच्या मैदानात ते उतरलं. आमचा हरवलेला पाना शेपटीकडे जाणाऱ्या दांडीच्या खोबणीत होता. दांडीला घासून त्याची एक बाजू आरशासारखी झाली होती. तो आणखी थोडा सरकला असता तर शेपूट वळली नसती. कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हेलिकॉप्टरने गेले.

मग चौकशी. ती मीच केली, प्रमुख मीच होतो. सगळ्यांसमोर एकेकाला पुढे बोलावून टेबलावरचा तो जुना पाना दाखवायचा आणि विचारायचं, हा फळीवर कोणी लावला? प्रत्येक जण नाही म्हणाला. दामूने कपाटातून एकवीरेचा टाक आणला आणि त्यावर हात ठेवून सांगितलं, "मी शोधायला गेलो तवा सावली उघडी होती. आलो तवा पाना होता. मला वाटलं पोरांपैकी कोणी ठेवला. मी हात नाय लावला, साहेब."

मी लिहून घेतलं.

मग आमच्या फाटकावरचा वॉचमन सावंत आत आला. काळाचौकीचा, त्याच गिरणीत जुना विणकर. त्याने चष्मा वर करून दांड्यावरचा नंबर वाचला आणि पाना हळूच टेबलावर ठेवला, जणू तापलेला आहे. म्हणाला, "हा तर परबांचा. साहेब, तुमच्या वडलांचा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीच वेळ होती. एक वाक्य पुरे होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर दारावरची ती पाटी आणि खालची सही होती. सरकारी काम गेलं असतं, माझी खुर्ची गेली असती. मी म्हटलं, "असेल."

अहवालात आम्ही लिहिलं, की शेडच्या सफाईत गिरणीचं जुनं हत्यार सापडून चुकून फळीवर गेलं असावं. सरकारचं समाधान झालं. माणसांचं झालं नाही. त्यांनी आपला निकाल लावला, की परब फिटर अजून पाळीवर येतो. खुंटी रिकामी दिसली, पाना लावला, गेला. मुद्दाम चुकीचा लावला, म्हणजे पोराच्या ध्यानात यावं. मी ती गोष्ट खोडली नाही. खोडायची तर खरं सांगावं लागलं असतं. स्वतःला वाचवायला मी माझ्या बापाचं भूत केलं.

दामू तांडेलने त्यानंतर फळीला हात लावला नाही. दिवाळीआधी येऊन म्हणाला, मी होडीवर जातो. तिथे जे बुडतं ते वर येत नाही, बरं असतं. मी त्याला थांबवलं नाही. त्याच्यासारखा माणूस परत मिळाला नाही.

गोष्ट गिरणीतून चाळीत जायला कितीसा वेळ लागतो? सावंतने त्याच आठवड्यात आईला सांगितलं. मी गेलो तेव्हा ती गॅलरीत बसली होती, चिमणीकडे तोंड करून. रडत नव्हती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्येंका अजून सुट्टी नाय गावली रे."

त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावली नाही. भोंग्याच्या वेळेला बाबांचा धुतलेला सदरा खुंटीवर असायचा, संध्याकाळी ती तो उतरवून घडी करायची. पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी गिरणीच्या भिंतीशी पान ठेवून यायची. पुढे तिथे टॉवर झाला. त्याचे रखवालदार हाकलायचे, तरी जायची. दादरला माझा लिफ्टचा ब्लॉक आहे, तिच्यासाठी वेगळी खोली केली होती. एक दिवस राहायला आली नाही. गुडघे गेले, डोळे गेले, जिना उतरवेना. पोरा, ते आले नि दाराक कुलूप दिसला तर खंय जातले, एवढं एकच उत्तर. वर्षानुवर्षं एक बाई एकटी, सताड उघड्या दारात बसून राहिली, माझ्या एका "असेल"साठी.

गेल्या पावसाळ्यात ती घरात पडली. तेव्हा मी तिच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं. ब्रीफकेस, फडकं, तसबीर, फोन. बाबा कुठेही अडकलेले नाहीत, पाना मीच लावला, तू माझ्याबरोबर चल, म्हटलं. मला वाटलं ती मारेल. ती बराच वेळ माझा उजवा हात चाचपत राहिली, तळवा, बोटं, मनगट. मग म्हणाली, "हात तुझो असात. ठेवल्यानी ह्येंनी."

ती तिथेच गेली. दार उघडं होतं.

तिचे दिवस झाल्यावर मी वरळीला गेलो. दामू तांडेल धक्क्यावर जाळं विणत बसला होता, पार पांढरा झालेला. मला बघून उठायला लागला, मी बसवला. त्यालाही सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता हा तरी शिव्या देईल, माझी नोकरी खाल्लीत म्हणेल. तो जाळ्याची गाठ मारत ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "लावून तुम्ही किती वेळ फोनवर होता?"

बराच वेळ, मी म्हटलं. चहा गार झाला होता.

"मी आत आलो तवा तो झुलत होता, साहेब." त्याने विणायची सुई आडवी धरून हळूहळू हलवून दाखवली. "असा. आता कोणी हात काढल्यासारखा. चौकशीत मी नाय सांगितलं. तुमचे वडील म्हणून नाय सांगितलं."

मी इंजिनियर आहे. लटकवलेला पाना किती वेळ झुलेल हे मला कळतं. मी त्याला म्हटलं, शेजारच्या टॉवरचं पायलिंग चालू असेल, जमीन हादरत असेल.

दामूने सुई जाळ्यात खोचली. मग म्हणाला, "दसऱ्याला?"

गिरणी आता नाही. शेड पाडली तेव्हा चौकशीच्या कपाटातून तो पाना मी मागून घेतला. सध्या तो डिलाईल रोडच्या खोलीत आहे, सदऱ्याच्या खुंटीवर. चाळ पाडायची आहे, बिल्डरचा माणूस चावी मागायला दोनदा येऊन गेला. मी प्रत्येक वेळी कुलूप घेऊन जातो, आत थोडा बसतो, पाना हलत नाही ना बघतो आणि दार नुसतं ओढून घेऊन परत येतो.